प्यायचं कोणी, भ्यायचं कोणाला

मंडळी, अमेरिकेच्या राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मादक पेय तयार करायचं नाही, विकायचं नाही, इकडून तिकडे न्यायचं नाही, देशात आणायचं नाही, देशाबाहेर पाठवायचं नाही. इतकी क्रियापदं आहेत, पण एक मात्र नाही. पिणे. पिण्याला त्या दुरुस्तीत कुठेही बंदी नाही. १७ जानेवारी १९२० ला ती लागू झाली. त्याआधी स्वतःच्या घरात जे साठवून ठेवलं असेल ते तुमचं. पाहुण्यांना बोलवा, खुशाल प्या. म्हणजे ज्याच्याकडे तळघर होतं आणि ते भरायला पैसा होता, त्याची सोय झाली. शिकागोच्या कत्तलखान्यात राबणाऱ्या पोलिश मजुराकडे तळघरही नव्हतं आणि पैसाही नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग व्हाइट हाउसच्या वरच्या मजल्यावर मित्रांबरोबर पत्ते खेळताना व्हिस्की ठेवत, हे तर वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून आज मी दारूवर कमी आणि भीतीवर जास्त बोलणार आहे. त्या काळातल्या टोळीयुद्धांच्या गोष्टी आपण इतक्या चवीने ऐकतो की हा कायदा आला कुठून, हे विचारायचं राहूनच जातं.

तो आला गुत्त्यातून. तिकडे त्याला ‘सलून’ म्हणत. आपल्याकडे या शब्दाने केस कापायची खुर्ची डोळ्यांसमोर येते, ती बाजूला ठेवा. कामगार वस्तीतला सलून म्हणजे पिण्याची जागा, पण तेवढीच नाही. पेल्यासोबत फुकट जेवण मिळे, पगाराचा चेक वटवून मिळे, गावाकडची पत्रं तिथल्या पत्त्यावर येत, युनियनच्या बैठका मागच्या खोलीत होत आणि वॉर्डातला पुढारी मतांची जुळणी तिथेच करी. गिऱ्हाईक बहुतेक परदेशातून आलेलं: आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन. चर्चला जाणाऱ्या गावाकडच्या प्रोटेस्टंट अमेरिकनाला त्या झुलत्या दारामागे परका देश दिसायचा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. दारूबंदीची मागणी करणाऱ्या बायकांची तक्रार खोटी नव्हती. नवऱ्याचा पगार शनिवारी गुत्त्यात जिरायचा, घरी मार मिळायचा आणि बाईला मताचा अधिकारही नव्हता. ‘आडवी बाटली’साठी मत द्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायका ज्यांनी आपल्या गावांत पाहिल्यात, त्यांना हे समजावून सांगायला नको. १८७४ पासून तिथल्या महिला संघटना हे काम करत होत्या. पण कायदा पदरात पाडून घेतला तो १८९३ मध्ये ओहायोत सुरू झालेल्या अँटी-सलून लीगने. नाव बघा. दारूविरोधी नाही, गुत्ताविरोधी. तिचा कर्ताधर्ता वेन व्हीलर याची रीत सरळ होती: उमेदवार कोणत्या पक्षाचा आहे, खासगीत पितो की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. विधिमंडळात हात वर कुठे करतो, एवढंच तो बघे.

तरी जमलं असतं असं नाही. केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग दारूवरच्या करातून यायचा; तो सोडणार कोण? १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आला आणि ती गाठ सुटली. (हा प्राप्तिकर लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.) मग १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली. बिअरचे मोठे कारखानदार कोण? पॅब्स्ट, श्लिट्झ, बुश. सगळी नावं जर्मन. कोबीच्या आंबट लोणच्याचं जर्मन नाव नको म्हणून त्याला ‘स्वातंत्र्य कोबी’ म्हणण्याचे ते दिवस. शाळांतून जर्मन भाषा हद्दपार होत होती. अशा वेळी बिअरच्या बाजूने बोलणं म्हणजे शत्रूच्या बाजूने बोलणं. डिसेंबर १९१७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दुरुस्ती मंजूर केली आणि १६ जानेवारी १९१९ ला नेब्रास्काच्या मताने आवश्यक छत्तीस राज्यं पुरी झाली.

आता १९२० या एका वर्षाकडे बघा. २ जानेवारीला अॅटर्नी जनरल पामर यांच्या आदेशाने देशभर धाडी पडल्या. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हजारो लोक, त्यातले बहुसंख्य परदेशातून आलेले, उचलले गेले. पंधरा दिवसांनी दारूबंदी. मे महिन्यात साको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन अराजकवाद्यांना अटक. आणि त्याच वर्षीच्या जनगणनेने सांगितलं की निम्म्याहून अधिक अमेरिकन आता शहरांत राहतात. हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यावर काँग्रेसने काय केलं? दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार काँग्रेसमधल्या जागांचं फेरवाटप करावं लागतं, ते त्या दशकात केलंच नाही. शहरांच्या वाढत्या लोकसंख्येला तिच्या वाट्याच्या जागा मिळाल्या असत्या, तर दारूबंदीवाल्यांचं गणित बिघडलं असतं. टोळीयुद्धांच्या गप्पांत हे कधी येत नाही, पण मला हा त्या काळातला मोठा दरोडा वाटतो.

कायदा राबवायला केंद्राकडे सुरुवातीला दीडेक हजार माणसं होती, तीही तुटपुंज्या पगाराची. ती पोकळी कोणी भरली? १९१५ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने. आपण क्लॅन म्हटलं की दक्षिणेतला काळ्या माणसावरचा अत्याचार आठवतो, आणि तो खराच. पण १९२० च्या दशकातल्या क्लॅनचे लाखो सदस्य इंडियाना, इलिनॉय, ओहायो इथलेही होते आणि काळ्यांच्या जोडीला कॅथलिक, ज्यू आणि परदेशी हे त्यांचे शत्रू होते. दारूबंदीने त्यांना या लोकांच्या घरात शिरायचं निमित्त दिलं. दक्षिण इलिनॉयच्या विल्यमसन काउंटीत, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, क्लॅनने एस. ग्लेन यंग नावाचा माणूस आणला. दारूबंदी खात्यातून बाहेर पडलेला, कमरेला दोन पिस्तुलं. १९२३-२४ च्या हिवाळ्यात त्याने शेकड्यांनी माणसं घेऊन धाडी टाकल्या. रात्री दार फोडून आत यायचे ते बऱ्याचदा इटालियन खाणकामगारांच्या घरात. तिथे घरच्या द्राक्षांची वाइन जेवणाबरोबर घेणं म्हणजे आपल्याकडे ताकाची वाटी. जानेवारी १९२५ मध्ये हेरिन गावात गोळीबार झाला. यंग आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला डेप्युटी शेरीफ दोघंही त्यात गेले.

त्याच वर्षी इंडियानातल्या क्लॅनचा सर्वेसर्वा डी. सी. स्टीफन्सन, जो स्त्रीच्या शीलरक्षणावर आणि दारूबंदीवर सभा गाजवत असे, एका तरुणीच्या खुनाबद्दल दोषी ठरला. त्याने तिला पळवून नेऊन अत्याचार केले होते. मरण्यापूर्वी दिलेल्या जबानीत तिने सांगितलं की त्याने तिला आधी जबरदस्तीने दारू पाजली. इंडियानातली क्लॅन त्यानंतर मोडली.

बरं, आता शिकागो. तुम्ही त्याचीच वाट बघत असणार.

व्हिस्की आणि बिअर यांतला फरक आधी समजून घ्या. व्हिस्की थोडक्या जागेत मावते आणि महाग विकली जाते. मोटारबोटीने नदी ओलांडून कॅनडातून आणता येते, कोणीही हिंमतवान आणू शकतो. बिअरचं तसं नाही. ती स्वस्त, पाण्यासारखी जड आणि पिंपांनी लागणारी. तिला कारखाना लागतो, आंबवणाचा वास चार गल्ल्यांत जातो, मालमोटारी दिवसाढवळ्या फिरतात. पोलिसांना कळल्याशिवाय बिअर विकताच येत नाही. म्हणजे हप्ता आला, ठाणेदार आला, न्यायाधीश आला, नगरसेवक आला. आणि एवढा खर्च करायचा तर इलाका आपलाच हवा. व्हिस्कीने तस्कर तयार केले. टोळीची शिस्त आली ती बिअरमुळे. जॉनी टोरिओला हे सगळ्यांच्या आधी उमगलं. न्यू यॉर्कमध्ये वाढलेला, आवाज न चढवणारा हा माणूस. त्याने शहराचे इलाके वाटून दिले, बंद पडलेले कारखाने चालू केले आणि मदतीला ब्रुकलिनहून एक तरुण घेतला: आल्फॉन्स कपोन, जन्म १८९९.

असल्या धंद्यात करार मोडला तर कोर्टात जाता येत नाही. मे १९२४ मध्ये उत्तर शिकागोच्या डीन ओबॅनियनने टोरिओला एका कारखान्यातला आपला हिस्सा विकला आणि तिथे धाड पडणार हे माहीत असून त्याला नेमका त्याच दिवशी बोलावलं, असं मानलं जातं. टोरिओ पकडला गेला. नोव्हेंबरात ओबॅनियन आपल्या फुलांच्या दुकानात गोळ्या खाऊन पडला. जानेवारीत टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण शहाणा होता, सगळं कपोनवर सोपवून निघून गेला. १४ फेब्रुवारी १९२९ च्या सकाळी नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये ओबॅनियनच्या जुन्या टोळीशी संबंधित सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं गेलं. मारेकऱ्यांपैकी दोघं पोलिसी गणवेशात होते. कपोन तेव्हा फ्लोरिडात होता. त्या सात खुनांसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

कपोन हे नाव कानाला इटालियन. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? “बघा, आम्ही सांगत नव्हतो?” वास्तविक तो जन्माने अमेरिकन, त्याची गिऱ्हाइकं अमेरिकन आणि त्याचे पगारी पोलीसही अमेरिकन. पण भीतीतून कायदा झाला, त्या कायद्याने टोळी पोसली आणि त्या टोळीचा चेहरा दाखवून भीती खरी ठरवली गेली.

पैसेवाल्यांचं काय चाललं होतं? डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांना एक पिंट, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, व्हिस्की औषध म्हणून मिळे. डिसेंबर १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल न्यू यॉर्कला मोटारीखाली सापडले. त्यांच्या डॉक्टरने लिहून दिलं की रुग्णाला, विशेषतः जेवणाच्या वेळी, मद्य लागेल; प्रमाण अनिश्चित, किमान २५० घन सेंटिमीटर. हसू नका, आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही प्रकृतीसाठी परवाने होतेच, आणि ‘परमिट रूम’ची पाटी अजून रस्त्यारस्त्यावर आहे.

गरीब माणसाच्या वाट्याला जे आलं त्यावर हसता येत नाही. कारखान्यांसाठीच्या अल्कोहोलमध्ये ते पिता येऊ नये म्हणून सरकारच्या हुकमाने विष मिसळत. टोळ्या ते चोरून, शुद्ध करून विकत. म्हणून सरकारने विषाचं प्रमाण वाढवलं. १९२६ च्या नाताळात न्यू यॉर्कच्या रुग्णालयांत प्रेतं येऊ लागली. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सांगितलं की याला सरकार जबाबदार आहे आणि मरतोय तो चांगला माल न परवडणारा माणूस. व्हीलरचं उत्तर होतं की जाणूनबुजून ते पितो तो आत्महत्या करतो. १९३० मध्ये तर आल्याच्या अर्कातल्या भेसळीने हजारो गरिबांचे पाय कायमचे लुळे पडले. मिशिगनमध्ये दहा मुलांच्या एका आईला चौथ्या गुन्ह्याबद्दल, थोड्याशा दारूसाठी, जन्मठेप झाली होती.

दारूबंदीने काहीच साधलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षांत पिण्याचं प्रमाण खूप घटलं, यकृताच्या रोगाने होणारे मृत्यूही घटले. पण ते प्रमाण पुन्हा वाढत गेलं.

कपोनला शेवटी पकडलं ते त्या प्राप्तिकराने. बेकायदा कमाईवरही विवरणपत्र भरावंच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दुसऱ्याच एका दारूविक्याच्या खटल्यात ठरवलं होतं. ऑक्टोबर १९३१ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा ज्युरीची यादी कपोनच्या माणसांनी आधीच फोडली होती. न्यायाधीश विल्करसन यांनी पहिल्याच दिवशी शेजारच्या कोर्टाची ज्युरी आणून बसवली. अकरा वर्षांची शिक्षा झाली.

दारूबंदी गेली ती मात्र मंदीमुळे. सरकारला कर हवा होता, लोकांना काम हवं होतं. पॉलीन सेबिनसारख्या श्रीमंत घरच्या बायकाच आता ‘मुलांसाठी हा कायदा रद्द करा’ म्हणत होत्या. एकविसावी दुरुस्ती राज्यांच्या विधिमंडळांकडे न पाठवता खास निवडून दिलेल्या परिषदांकडे पाठवली गेली. कारण विधिमंडळांत अजून गावाकडच्यांचंच वजन होतं. दुसरी कोणतीही दुरुस्ती या वाटेने मंजूर झालेली नाही. ५ डिसेंबर १९३३ ला यूटाने, म्हणजे दारू निषिद्ध मानणाऱ्या मॉर्मन पंथीयांच्या राज्याने, छत्तिसावं मत दिलं.

बाटली तेरा वर्षांत परत आली. माणसांना येऊ देण्यावरचा जो कायदा त्याच भीतीतून आला होता, तो मात्र राहिला. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा ठरवला, आणि आधार धरला १८९० च्या जनगणनेचा, इटालियन, पोल आणि ज्यू मोठ्या संख्येने येण्याआधीचा. युद्धापूर्वी ज्या इटलीतून काही वर्षी दोन लाखांवर माणसं येत, तिला वर्षाला ३,८४५ जागा मिळाल्या. हिंदुस्थानला तर १९१७ पासूनच दार बंद होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या माजी अमेरिकी सैनिकाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो तू नाहीस, सबब नागरिकत्व नाही.

कपोनच्याच ब्रुकलिनमधला इमॅन्युएल सेलर नावाचा एक ज्यू वकील १९२२ मध्ये दारूबंदीविरुद्ध प्रचार करून काँग्रेसवर निवडून आला होता. १९२४ च्या कोटा कायद्याविरुद्ध तो बोलला आणि हरला. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर जागा देणाऱ्या कायद्यावर त्याचं नाव आहे. कोटा पद्धत मोडणारा १९६५ चा कायदाही त्याच्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा तो सत्याहत्तर वर्षांचा होता. या सभागृहात ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत, त्यांची वाट त्या कायद्यातून गेलेली आहे.