मेथी कुणाच्या रानातली?

हे वाफे दिसतायत ना, ही जिल्हा परिषदेच्या शाळेची परसबाग. हात धुवायच्या नळांच्या मागची जागा आहे ही, पूर्वी इथे नुसता चिखल व्हायचा, आता चर काढून तेच पाणी सरळ वाफ्यात सोडलंय. आधी मेथी, मग पालक, कडेला मुळा आणि कुंपणाच्या तारेवर दोडका नि वालाचे वेल.

ही पाचवीतली मुलगी बघा, मेथी उपटली की आधी मुळांची माती झटकते, पिवळी पानं काढते, मग जुडी काट्यावर ठेवते. सगळी मिळून भरली 1 किलो 200 ग्रॅम. लगेच फळ्यावर गणित! 60 मुलं हजर, प्रत्येकी 50 ग्रॅम भाजी, म्हणजे 3 किलो लागणार, मग 1 किलो 800 ग्रॅम बाहेरून आणायची. मागून एक पोरगा ओरडतो, "बाई, निवडल्यावर अजून कमी भरंल!" शेतकऱ्याचं पोर, त्याला कोण शिकवणार.

हे 50 ग्रॅम बाईंच्या मनातले नाहीत बरं का. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, असं पोषण आहार योजनेत ठरलेलंच आहे. सहावी ते आठवीला भाजी 75 ग्रॅम.

पण इथपर्यंत यायला बराच काळ गेला. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा कित्येक ठिकाणी शिजवलेलं काही मिळायचंच नाही, महिन्याला 3 किलो धान्य पिशवीत घालून घरी न्यायचं, आणि घरी गेल्यावर ते सगळ्यांचंच. मग 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शाळेत शिजवलेलं गरम अन्न द्या, किमान 300 कॅलरी, वर्षातले किमान 200 दिवस. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 5 आलं आणि हे जेवण मुलांचा हक्क झालं, प्राथमिकला 450 कॅलरी नि 12 ग्रॅम प्रोटीन. 2015 च्या नियमांत तर जेवण दिलं नाही तर भत्ता द्यायचा असंही आलं. म्हणजे ताटात किती पडलं पाहिजे हे ग्रॅममध्ये लिहिलंय, आणि ते कुणाच्या शेतातून यावं यावर मात्र कायदा गप्प.

आता किचनशेडमध्ये या. हा तांदूळ सरकारी गोदामातून आलेला, डाळ-मसाले सप्लायरचे. शाळेच्या हातात राहतं ते इंधन आणि भाजीपाला, तेवढ्याच दारातून गावातला शेतकरी आत येऊ शकतो. मावशींनी मेथी बारीक चिरून खिचडीत टाकली, वरून झाकण, वाफ बघा. मुलं ताटात भाजी सोडत नाहीत असं बाई सांगतात, ठीक आहे, पुढे जाऊ.

शाळेत शेती हे काही नवीन खूळ नाही, 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली तीच मुळी हातानं काम करत शिकायची. 2019 मध्ये केंद्रानं शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 2021 ला योजनेचं नाव पीएम पोषण झालं, तेव्हा शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि स्थानिक पिकांना प्रोत्साहन देऊ असं सांगितलं. ब्राझीलनं असं मोघम ठेवलं नाही. 2009 च्या कायद्यात आकडाच घातला, शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला तेव्हा किमान 30 टक्के माल शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायचा, आणि त्यासाठी नेहमीच्या टेंडरची सक्तीही काढली, कारण अर्धा एकरवाला टेंडर कुठून भरणार! जपाननं 2005 ला अन्नशिक्षणाचा वेगळा कायदाच केला.

परसबाग कितीही फुलली तरी रोजचे 3 किलो त्यातून निघणार नाहीत, आणि निघावेत असं माझं म्हणणंही नाही, तो मुलांचा वर्ग आहे, भाजी मंडई नाही. रोजची भाजी या मोटरसायकलवरून येते. मागे कॅरेट बांधलंय ते गावातल्याच शेतकऱ्याचं, त्याचं रान शाळेच्या पलीकडे, ओढा ओलांडला की लगेच. आज वांगी आणलीत, काट्यावर बाईंच्या समोर वजन, वहीत नोंद, सही. दर ठरला तोंडी, पैसे ग्रँट आल्यावर. "द्यायला काय, रोज देतो," तो म्हणतो, "फक्त बिल महिन्याच्या आत निघावं आणि पुढच्या सत्राला किती लागणार ते पेरणीआधी सांगावं, म्हणजे तेवढा वाफा मी वेगळा धरतो." या दोन्ही गोष्टी नियमात आणायला फार मोठा कायदा लागत नाही, राज्याच्या एका जीआरमध्येही बसतील.