क्युबातली सोव्हिएत फौज कॅमेऱ्यातून मोजताना

१४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेच्या मेजर रिचर्ड हेसर यांनी यू-२ या टेहळणी विमानातून पश्चिम क्युबाची ९२८ छायाचित्रे टिपली आणि त्यांत सान क्रिस्तोबालजवळची सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली, ही हकीकत अनेकांना ठाऊक असते. त्या क्षेपणास्त्रांच्या गदारोळात दुसरा एक प्रश्न जरासा झाकला गेला. अमेरिकेने बेटावर सैन्य उतरवलेच, तर समोर केवळ क्युबाचे सैनिक असतील की सोव्हिएत भूदलही असेल, आणि असले तर किती? या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे फिल्मच्या रिळांतूनच शोधावे लागणार होते.

ही रिळे वॉशिंग्टनमधल्या ज्या राष्ट्रीय छायाचित्र-विश्लेषण केंद्रात जात, ते तेव्हा एका मोटारविक्रीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यांवर होते. खाली नव्या गाड्यांचे सौदे होत आणि वर केंद्रप्रमुख आर्थर लुंडाल यांचे सहकारी, खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलांवर फिल्म पसरून, डोळ्याला भिंग लावून बसत. एकाच जागेची किंचित वेगळ्या कोनातून घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दुहेरी भिंगातून पाहिली की सपाट चित्र उठावदार होते. खड्डा खड्ड्यासारखा आणि तंबू तंबूसारखा दिसू लागतो. सावलीची लांबी आणि सूर्याचा कोन माहीत असला, तर वस्तूची उंचीही काढता येते.

येथे थोडे गणित करून पाहणे योग्य ठरेल. यू-२ सुमारे ७० हजार फुटांवरून उडत असे आणि त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर, म्हणजे ढोबळमानाने भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर, ३६ इंच, अर्थात तीन फूट होते. उड्डाणाची उंची या अंतराच्या सुमारे २३ हजार पट भरते. याचा अर्थ फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे २३ मीटर. तोफेची नळी वगळता जेमतेम सहा मीटर लांबीचा टी-५४ रणगाडा त्या फिल्मवर पाव मिलिमीटरएवढा उमटणार, म्हणजे अणकुचीदार पेन्सिलीने केलेल्या ठिपक्याएवढा. तिथे रणगाडा उभा आहे की ट्रक, हे अनुभवी माणसाला बऱ्याचदा सांगता येई. पण तो कोणत्या बनावटीचा आणि कोणाच्या ताब्यातला, हे एवढ्याशा ठिपक्यावरून ठरवणे कठीण होते.

म्हणून २३ ऑक्टोबरपासून विमाने खाली उतरली. कमांडर विल्यम एकर यांच्या नेतृत्वाखाली नौदलाची क्रुसेडर विमाने फ्लोरिडातल्या की वेस्टहून निघून, समुद्राला लगटून क्युबात शिरत आणि सुमारे हजार फुटांवरून छायाचित्रे घेऊन काही मिनिटांत बाहेर पडत. या छायाचित्रांत ठिपक्यांना आकार आला. बुरुज, नळी, साखळीपट्टे, अगदी वर तोंड करून पाहणारी माणसेसुद्धा दिसू लागली.

आर्तेमिसा, सान्तियागो दे लास वेगास, रेमेदिओस आणि ओल्गिन या चार ठिकाणच्या छावण्या आता नव्याने तपासल्या गेल्या. सोव्हिएत रणगाडे क्युबाच्या सैन्याकडेही होते, त्यामुळे रणगाडा दिसला म्हणजे सोव्हिएत तुकडी सापडली, असे म्हणता येत नव्हते. शंका आली ती मांडणीवरून. तंबू दोरी धरून आखल्यासारखे, वाहने प्रकारवार लावलेली, रणगाडे, चिलखती गाड्या आणि तोफा यांचे प्रमाण सोव्हिएत मोटारवाही पायदळाच्या रेजिमेंटशी जुळणारे! माणसांना साधे कपडे देता येतात, आणि दिलेही होते. चौकटीच्या शर्टांत उतरलेले सैनिक लांबून तंत्रज्ञ वाटावेत, हाच उद्देश होता. पण लष्करी शिस्तीची सवय साध्या कपड्यांनी लपत नाही. माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत हुशारीचा भाग हाच, की विश्लेषकांनी एकेकटी वस्तू ओळखण्यावर न थांबता वस्तूंचे एकमेकींशी असलेले नाते वाचले.

माणसे मोजताना मात्र हीच मंडळी चुकली. छायाचित्रात माणूस क्वचित दिसतो, म्हणून तंबू मोजायचे, वाहने मोजायची आणि त्यांवरून अंदाज बांधायचा, अशी रीत होती. झाडीखालचे तंबू, ताब्यात घेतलेल्या इमारती आणि रात्री झालेल्या हालचाली या हिशेबात येत नव्हत्या. समुद्रप्रवासातही सैनिकांना दिवसा डेकखालीच कोंडून ठेवलेले होते, त्यामुळे जहाजांवर घिरट्या घालणाऱ्या विमानांना ते दिसले नाहीत. शिवाय सोव्हिएत संघ इतक्या दूरच्या बेटावर एवढे मोठे भूदल पाठवणार नाही, हे वॉशिंग्टनमध्ये जवळपास गृहीतच होते, आणि गृहीत धरलेल्या गोष्टीला फिल्म सहसा स्वतःहून विरोध करत नाही. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी गुप्तचरांचा आकडा सुमारे १० हजारांचा होता. संकट निवळल्यावर मागे वळून केलेल्या हिशेबात तो २२ हजारांपर्यंत गेला. प्रत्यक्षात जनरल इस्सा प्लियेव यांच्या हाताखाली सुमारे ४२ हजार माणसे होती, हे बाहेर यायला पुढे कित्येक वर्षे लागली.

२५ ऑक्टोबरच्या छायाचित्रांत रेमेदिओसजवळ आणखी एक वाहन सापडले. रणगाड्यासारखे साखळीपट्टे आणि पाठीवर एकच लांब रॉकेट, म्हणजे सोव्हिएत भूदलाचे ‘लूना’. हे अस्त्र साध्या स्फोटकाचा मारा करू शके आणि अणुस्फोटकाचाही, पण बाहेरून पाहून यांतले कोणते, ते कळण्याची सोय नव्हती. छायाचित्रात वाहक दिसला, नोंद झाली, आणि अणुस्फोटके बेटावर आहेत याचा पुरावा नाही, असेच अमेरिकी अधिकारी धरून चालले. लूनासाठीची १२ अणुस्फोटके, प्रत्येकी सुमारे दोन किलोटन क्षमतेची, तेव्हा क्युबातच होती. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांना ही गोष्ट १९९२ मध्ये हवानातल्या परिषदेत सोव्हिएत जनरल अनातोली ग्रिबकोव यांच्याकडून समजली.

नोव्हेंबरमध्ये परतणाऱ्या जहाजांच्या डेकवर क्षेपणास्त्रे उघडी ठेवलेली होती आणि अमेरिकी विमानांनी ती एकेक करून मोजली, ४२ भरली. लूनाची अणुस्फोटके १ डिसेंबरला ‘अर्खांगेल्स्क’ या जहाजाच्या पोटातून निघून गेली.