वळचणीचं पाणी

मागच्या वर्षी आईला फोनवर सांगितलं की शनिवारभर गटर साफ करत होतो, तर ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग हळूच विचारलं की तुझी नोकरी ठीक आहे ना रे. तेव्हा मला समजावून सांगावं लागलं की अगं, इकडे अमेरिकेत पन्हळीला गटर म्हणतात. पन्हळ म्हटल्यावर तिला लगेच कळलं आणि पुढचा प्रश्न तिचाच होता, मग वाशांची टोकं बघितलीस का? मंडळी, आज मी जे तासभर बोलणार आहे ते सगळं या एका प्रश्नात आहे.

तर फॅशिया आणि सॉफिट. कोकणातलं कौलारू घर ज्यांनी बघितलंय त्यांना समजायला सोपं जाईल. आमच्या कुडाळजवळच्या घरात वळचणीखाली उभं राहून वर बघितलं की वासे, रिपा, कौलांची खालची बाजू सगळं उघडं दिसायचं, कुठला वासा काळा पडलाय ते आजोबा खालूनच सांगायचे, आणि मे महिन्यात शाकारणीच्या वेळी तो बदलला जायचा. इकडे न्यू जर्सीत वाशांची टोकं झाकलेली असतात. समोरून टोकांवर ठोकलेली उभी फळी म्हणजे फॅशिया, जिच्यावर पन्हळ टांगलेली असते, आणि खालून वळचण बंद करणारी आडवी पट्टी म्हणजे सॉफिट. दिसायला छान, पण आतलं खालून दिसत नाही, आणि आपल्या सगळ्यांचे पैसे जातात ते या न दिसण्यामुळेच.

आमचं घर १९६८ चं. घेतलं तेव्हा फॅशियावर पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम गुंडाळलेलं होतं, बायको म्हणाली वा, रंग द्यायची कटकट नाही, मीपण खुश. चार हिवाळे गेले आणि मागच्या बाजूची पन्हळ मधोमध खाली आली, तर मला वाटलं स्क्रू ढिला झालाय, शिडी लावली आणि स्क्रू पिळायला लागलो तर तो नुसताच गोल फिरतोय, पकडायला आत काही नाहीच. ॲल्युमिनियम सोलून काढलं तर मागची फळी चहात बुडवलेल्या खारीसारखी, बोटाने खरवडून निघत होती. आधीच्या मालकाने कोणा काँट्रॅक्टरकडून कुजलेल्या फळीवरच पत्रा चढवून घेतला होता. ॲल्युमिनियम वाईट नाही हं, चांगल्या लाकडावर घातलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण कुजलेल्यावर घातलं की आत शिरलेलं पाणी वाळत नाही, मग काम दुप्पट वेगाने बिघडतं.

मी काय केलं, तर नवीन फळी आणली, बसवली, रंग दिला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. तुमच्यापैकी काहींनी अंगठेपण दिले. दोन वर्षांत तीच फळी त्याच जागी पुन्हा मऊ पडली. फळी आपणहून कुजत नाही हो, तिला कोणीतरी पाणी पाजत असतं, आणि ते कोण हे शोधल्याशिवाय बदलली तर आपण फक्त नवीन लाकूड खायला घालतो.

शोधायचं कसं? मुसळधार पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर या. शेजारी बघतील, बघू दे. पाणी पन्हळीच्या पुढच्या कडेवरून ओसंडतंय की मागून, म्हणजे पन्हळ आणि फळीच्या मधून गळतंय, हे बघा. पुढून ओसंडत असेल तर पाला अडकलाय किंवा उतार चुकलाय. १००० चौरस फूट छपरावर १ इंच पाऊस पडला की २३०० लिटरच्या वर पाणी होतं, ते सगळं त्या बोटभर खोलीच्या पन्हळीतून जायचंय. उतार साधारण १० फुटाला पाव इंच लागतो, डोळ्याला कळतसुद्धा नाही, आणि कोणी बरोबर आडवी सरळ लावली की दिसते देखणी पण पाणी साचतं. मागून गळत असेल तर बहुतेक वेळा ड्रिप एज नसतो, म्हणजे छपराच्या कडेला शिंगलखाली (शिंगल म्हणजे इकडची कौलंच म्हणा) वाकवलेली पत्र्याची पट्टी जी पाणी फळीपासून लांब पन्हळीत सोडते. आमच्या घराला नव्हतीच. जुन्या घरांना बऱ्याचदा नसते. एका पट्टीसाठी मी दोनदा फळ्या बदलल्या.

दुसरं दुखणं हिवाळ्यातलं. आपल्याकडे म्हण आहे ना, वळचणीचं पाणी आढ्याला, म्हणजे जे होणं शक्य नाही ते. इकडे होतं! घरातली ऊब छतातून ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात जाते, छपराचा वरचा भाग गरम होतो, तिथला बर्फ वितळतो, पाणी खाली वळचणीपर्यंत येतं, पण वळचण भिंतीच्या बाहेर असल्यामुळे थंडगार, तिथे येऊन ते पुन्हा गोठतं. असं होत होत कडेला बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे साचलेलं पाणी उलटं वर शिंगलखाली शिरतं, कारण शिंगल वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी रचलेले असतात, खालून वर चढणाऱ्यासाठी नाही. मग फॅशिया, वाशाची टोकं, सॉफिट, कधी कधी बेडरूमची भिंतसुद्धा भिजते. कोकणात पागोळ्या पडतात, इकडे त्या लटकतात, आणि आपण त्यांचे सुंदर सुंदर फोटो काढतो. माझ्याकडे आहेत ते फोटो, आता बघवत नाहीत.

आणि इथे सॉफिटचं खरं काम येतं. ती नुसती झाकणी नाही, घराचं नाक आहे ते. खालून थंड हवा आत घ्यायची, वर आढ्याजवळच्या फटीतून बाहेर सोडायची, म्हणजे ॲटिक थंड आणि कोरडं राहतं. इथल्या बिल्डिंग कोडचा हिशेब असा की ॲटिकच्या दर १५० चौरस फुटाला १ चौरस फूट उघडी जागा, आणि खाली-वर नीट वाटणी वगैरे अटी पाळल्या तर ३०० ला १ चालते. म्हणजे १५०० चौरस फुटाला १० किंवा ५. जाळीमुळे खरी उघडी जागा कमी होते, तो आकडा सॉफिटच्या पाकिटावर असतो, तोच धरायचा.

आमच्याकडे भोकं असलेलं व्हिनाइलचं, म्हणजे प्लास्टिकचं सॉफिट होतं, म्हणून मी निश्चिंत. एक पट्टी काढली तर वर जुनं प्लायवुड तसंच, अख्खं, एकही भोक नाही! हवा जायची कुठून? त्यात कोणीतरी ॲटिकमध्ये ऊब अडवणारं इन्सुलेशन कडेपर्यंत कोंबलेलं. मग प्लायवुड कापलं, प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये थर्माकोलच्या पन्हळी बसवल्या म्हणजे इन्सुलेशन हवेची वाट अडवत नाही. अजून एक गंमत, बाथरूमच्या पंख्याचा पाइप सॉफिटमधून बाहेर काढलेला, म्हणजे आंघोळीची वाफ बाहेर पडायची आणि शेजारच्याच भोकांतून परत आत ओढली जायची. तो पाइप छपरातून किंवा भिंतीतून काढा. आणि खरं सांगायचं तर नुसत्या हवेने बर्फाचा बांध थांबत नाही, आधी घरातून ॲटिकमध्ये जाणाऱ्या फटी बुजवाव्या लागतात, दिव्यांभोवतीच्या, शिडीच्या झाकणाभोवतीच्या.

आता बदलायचं असेल तर. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, कारण घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी त्या साली आली. कोरडं घासू नका, लहान मुलं असतील तर अजिबात नाही, आणि पैसे देऊन काम करून घेत असाल तर शिशाच्या रंगाचं सर्टिफिकेट असलेलाच माणूस बोलवा. फळी निघाली की लगेच नवीन ठोकायची घाई नको. वाशाच्या प्रत्येक टोकात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत घुसला तर त्या वाशाला बाजूने नवीन तुकडा जोडून घ्या. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण इथे आधी वासेच फिरतात.

फळी कुठली? दुकानात पांढरं प्रायमर मारलेलं, तुकडे जोडून केलेलं पाइन मिळतं, स्वस्त आहे, मी ते आता घेत नाही, सांध्यांत पाणी मुरतं. देवदार जातीचं लाकूड चांगलं पण सहाही बाजूंनी रंगवायचं, कापलेली टोकं आधी, सगळे नेमकं तेच विसरतात. पीव्हीसीची फळी कुजत नाही, फक्त ती उन्हात लांब होते आणि थंडीत आखडते, म्हणून सांधे चिकटवावे लागतात, आणि तिच्यात स्क्रू मारून पन्हळ टांगायची नाही, स्क्रू मागच्या लाकडात गेला पाहिजे. पन्हळीचे हूक दोन दोन फुटांवर, इकडे बर्फ पडतो तर सोळा इंचावर. हो, आणि १ बाय ८ म्हणून घेतलेली फळी प्रत्यक्षात पाऊण इंच बाय सव्वासात भरते, माझी पहिली फेरी त्यातच वाया गेली.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. फळीत अर्ध्या इंचाचं एकदम गोल, जणू ड्रिलने पाडलेलं भोक दिसलं तर ते भुंग्याचं, रंगवलेलं लाकूड त्याला कमी आवडतं. कुरतडलेली कड म्हणजे खार. वटवाघळं असतील तर जून-जुलैत भोकं बुजवू नका, आत उडता न येणारी पिल्लं असतात.

शिडी चार फूट उंचीला एक फूट पायथा या हिशेबाने लावा, पन्हळीवर टेकवू नका, आणि वर जायच्या आधी विजेची तार घराला कुठे येते ते बघा, ती बहुतेक वळचणीजवळच असते. ॲल्युमिनियमची शिडी तिथे नकोच. माझ्याकडे २४ फुटी फायबरग्लासची आहे, कोणालाही देईन, फक्त परत आणून द्या, मागच्या उन्हाळ्यात ज्यांनी नेली ते आज दुसऱ्या रांगेत बसलेत.