पहिलीला शिकवायला पदवी कशाला?

मित्रमैत्रिणींनो,

प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घरी किंवा एखाद्या लग्नकार्यात एक प्रश्न ऐकावा लागला असेल: 'ग म भ न' शिकवायला चार वर्षं कशाला लागतात? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आपल्याला जे येतं ते पोराला शिकवता येणारच, आणि पहिलीतलं तर सगळ्यांनाच येतं, असं त्याला मनापासून वाटतं. आज मी या प्रश्नाचं उत्तर एका वहीतून देणार आहे.

दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन चालू आहे. बाई म्हणतात, 'सदतीस.' एक मुलगी 73 लिहिते. 'पंचवीस' म्हटलं की 52 लिहिते. 'एकोणपन्नास' ऐकल्यावर जरा घुटमळते आणि 51 लिहिते. घाईघाईनं वह्या तपासणारा माणूस तिन्हींवर फुली मारून 'लक्ष नाही' असा शेरा देऊन मोकळा होतो. पण तीच वही नीट बघा. सदतीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो, तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी येतो. मुलीनं जसं ऐकलं तसं डावीकडून उजवीकडे लिहून काढलं. एकोणपन्नासात तिला एक ऐकू आला आणि पन्नास ऐकू आले, तिनं बेरीज केली. म्हणजे तिचं लक्ष पुरेपूर आहे. बेरीज येते, पन्नास माहीत आहेत. दशकाचं घर कुठलं आणि एककाचं कुठलं, एवढंच अजून पक्कं झालेलं नाही.

ही चूक ओळखायची, तिचं कारण शोधायचं आणि उद्या सकाळी या मुलीसमोर काय मांडायचं ते ठरवायचं, हे आपोआप येत नाही, शिकावं लागतं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. गठ्ठे किती, सुट्या किती, एवढंच विचारायचं. तीन गठ्ठे, सात सुट्या. गठ्ठ्यांच्या घरात 3, सुट्यांच्या घरात 7. चार-आठ दिवस हे हातानं झालं, की मग 'सदतीस' हे नाव त्याला जोडायचं. एकोणपन्नासाला पाच गठ्ठे मांडून एक काडी द्यायला सांगा. गठ्ठा सोडल्याशिवाय काडी निघत नाही, आणि रबर काढता काढता मूल स्वतःच म्हणतं, 'बाई, आता चारच गठ्ठे राहिले!' पुढे हातच्याची वजाबाकी येते ना, ती या सोडलेल्या गठ्ठ्यावरच उभी राहते. ज्या मुलानं तो गठ्ठा कधी सोडलेला नाही, ते मूल 'शेजारून दहा उसने घ्या' हे वाक्य नुसतं पाठ करतं.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'तीस सात' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढं वादळ उठलं ते तुम्हाला आठवत असेल. मराठीची मोडतोड केली म्हणून लोक चिडले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना संख्या समजायला सोपी जावी म्हणून हे केलं आहे. कन्नड, तेलुगूत आधी दशकच बोलतात. त्या बदलाविषयी दोन मतं असू शकतात, आणि मला स्वतःला दोन्ही नावं सोबत असावीत असं वाटतं. पण त्या सगळ्या गदारोळात दुसरीतली मुलं वहीत काय लिहितात हे फार थोड्यांनी विचारलं. ते ज्यांना रोज दिसतं त्या शिक्षकांचं म्हणणं चर्चेच्या मध्यभागी असायला हवं होतं.

पहिली ते पाचवीचं शिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे, हे आता कायद्यानंही मान्य झालं आहे. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं, बी.एड. ही मुख्यतः वरच्या वर्गांसाठीची पदवी घेतलेल्यांना प्राथमिक शिक्षक होण्याची मुभा देणारी 2018 ची अधिसूचना रद्द ठरवली. अनेक उमेदवारांची त्यात मोठी अडचण झाली, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. तरीही निकाल योग्य आहे. दहावीला बीजगणित उत्तम शिकवणाऱ्याला सहा वर्षांच्या मुलाची पेन्सिल धरण्यापासूनची धडपड कळेलच असं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., ही दोन वर्षांची पदविका करून निघालेल्या हजारो गुरुजींनी आणि बाईंनी या राज्यातल्या वाड्यावस्त्या शिकत्या केल्या, त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही. तुम्हाला वेळ जास्त मिळतोय. तो कशात घालवायचा, यावर सगळं आहे.

माझं म्हणणं, तो मुलांमध्ये घालवा. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करत होत्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं, शाळा नंतर बेतली. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं, सातपुड्यात पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी नवीच असते. ते गप्प बसतं आणि आपण त्याला 'मंद' म्हणून टाकतो. त्याच्या बोलीतले पन्नासेक शब्द शिक्षकानं शिकून घेतले, तर महिनाभरात ते मूल बोलायला लागतं. हे मी पाहिलेलं आहे.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचंही बोलतो, कारण तुमच्या डोक्यात तीच आहे. पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. मुलांचा विचार कसा वाढतो याच्या, मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या अवस्था क्लासवाले पाठ करून घेतात. करा पाठ, परीक्षा काढायलाच हवी. पण 51 लिहिणारी मुलगी चार पर्यायांत येत नाही.

आता तुमच्या प्राध्यापकांशी आणि प्राचार्यांशी बोलायचं आहे. सराव पाठाच्या निरीक्षण वहीत शेरे काय असतात? आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, साधन आकर्षक, वर्गनियंत्रण चांगलं. सगळे शेरे छात्राध्यापकाबद्दल. मुलांना काय कळलं, याला त्या वहीत रकानाच नसतो. म्हणून छात्राध्यापकही पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, सजवतो आणि पस्तीस मिनिटं निभावून नेतो. शिवाय पाठ बहुतेक शहरातल्या एकाच इयत्तेवर होतात, आणि नोकरी लागते दोन शिक्षकी शाळेत, जिथे पहिली-दुसरी एका खोलीत एकत्र बसलेली असते. एकीला गोष्ट सांगताना दुसरीला काय काम द्यायचं, हे नेमणूक झाल्यावर पहिल्या दिवशी कळून उपयोग नाही.

माझी विनंती अशी. आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामाच्या काळात, प्रत्येकाला एकच शाळा द्या, शक्य तिथे दोन वर्ग एकत्र असलेली, आणि सलग द्या. पाठ टाचणात उजवीकडे एक रकाना कोरा ठेवायला सांगा. मुलं जे बोलली, जे चुकली, ते त्यांच्याच शब्दांत तिथे उतरवायचं. आणि पाठानंतरची चर्चा मुलांच्या पाच-सहा वह्या टेबलावर ठेवून करा. याला कुठला निधी लागत नाही, वेळापत्रकातली शनिवारची सकाळ लागते. प्राचार्य इथे बसले आहेत, ती मला त्यांच्याकडून तुमच्यासाठी मागून घ्यायची आहे.