दीक्षेचा कागद

नमस्कार, श्रोतेहो.

ताओ, म्हणजे चिनी परंपरेतला ‘मार्ग’, म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे वाहतं पाणी येतं, धुक्यात बुडालेला डोंगर येतो, आणि त्या डोंगरावर स्वस्थ बसलेला एखादा पांढऱ्या दाढीचा म्हातारा. ज्याला नाव देता येतं ते चिरंतन नाव नव्हे, हे या परंपरेचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या लाओत्झेचं वचनही कानावरून गेलेलं असतं. मग मनात येतं की अशा मार्गात कसला अभ्यासक्रम, कसली परीक्षा आणि कसलं प्रमाणपत्र!

मला आज बोलायचंय ते याच अभ्यासक्रमाबद्दल आणि याच प्रमाणपत्राबद्दल. चीनमध्ये शतकानुशतकं ताओचे संन्यासी आणि पुरोहित रीतसर घडवले गेले. त्या रीतीत नाव आहे, यादी आहे, साक्षीदार आहेत आणि कागद आहे. मला एकट्याला काहीतरी उमगलं, एवढ्यानं तिथे भागत नाही. तुमची नोंद व्हावी लागते.

आज तिथे दोन मोठ्या परंपरा आहेत. एक मठात राहणाऱ्यांची, छ्वानजन. या नावाचा अर्थ साधारण ‘संपूर्ण सत्य’. दुसरी प्रापंचिक पुरोहितांची, जंगयी. त्यांची घडण इतकी वेगळी आहे की एकीवरून दुसरीची कल्पना करता येत नाही.

छ्वानजन परंपरा 12व्या शतकातली. वांग छुंगयांग हे तिचे संस्थापक आणि त्यांचे सात शिष्य प्रसिद्ध. त्या सातांत सुन बुअर ही एक स्त्री होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण या परंपरेत संन्यासिनींची जागा तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. सातांपैकी छिउ छूजी सत्तरी ओलांडल्यावर शानदोंगहून निघाले आणि 1222 मध्ये हिंदुकुशाजवळ, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, चंगीझखानाला भेटले. खानानं अमरत्वाचं औषध मागितलं. आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही, असं त्यांनी जगज्जेत्याच्या तोंडावर सांगितलं. बीजिंगमधल्या शुभ्र मेघाच्या मठात, बाइयुन ग्वानमध्ये, त्यांचे अवशेष आहेत.

आता अशा मठात जाऊ इच्छिणाऱ्याचं काय होतं ते पाहू. सुरुवात मोठ्या मठात होतच नाही. आधी एखाद्या लहान, गुरुशिष्यांच्या वारशानं चालणाऱ्या देवळात गुरू शोधायचा. गुरूला म्हणायचं शिफू. गुरू स्त्री असली तरी शिफूच. तिथे काही वर्षं काढायची. झाडलोट, पाणी, स्वयंपाकघर, देवापुढची उदबत्ती. सकाळ-संध्याकाळचं पठण तोंडपाठ करायचं. सकाळच्या पठणात ‘छिंगजिंग जिंग’ नावाचं निर्मळ शांततेचं सूत्र असतं. जेमतेम चारशेच्या आसपास अक्षरं, पण रोज, आजारपणातही, थंडीतही. लग्न नाही, मांसाहार नाही. आणि केस कापायचे नाहीत. आपल्याकडे संन्यास घेताना शिखेचाही त्याग करतात. इथे बरोबर उलटं. केस वाढवायचे, डोक्यावर गाठ बांधायची आणि त्यात लहानशी पिन खोचायची. गुरूच्या हातून पहिल्यांदा ती गाठ बांधली जाते आणि टोपी चढते, तो सोहळा म्हणजे पहिली पायरी.

त्याच वेळी नाव मिळतं. लुंगमन, म्हणजे ‘ड्रॅगनद्वार’, ही छ्वानजनची सगळ्यात मोठी शाखा. तिची एक कविता आहे. पहिली वीस अक्षरं जुनी, पुढे ती शंभरापर्यंत वाढवली गेली. प्रत्येक पिढीला त्यातलं एक अक्षर. पहिलं अक्षर ‘दाओ’, म्हणजेच आपण ज्याला ताओ म्हणतो ते, दुसरं ‘दे’, आणि असंच पुढे. त्यामुळे दोन अनोळखी संन्यासी कुठल्याही डोंगरवाटेवर भेटले तरी एकमेकांच्या नावावरून ओळखतात की समोरचा आपला गुरुबंधू, की गुरुकाका, की पुतण्या. घर सोडून आलेल्या माणसाला इथे असं दुसरं गणगोत मिळतं. मला ही सगळी रीत याच एका गोष्टीसाठी फार आवडते.

मग येते मुख्य दीक्षा. ती लहान देवळात देता येत नाही. ती देण्याचा अधिकार सार्वजनिक मठांना, जे कुणा एकाचे नसतात आणि जिथे देशभरचे संन्यासी येऊन राहू शकतात. गंमत अशी की या मठांना स्वतःचे शिष्य करण्याची परवानगी नसे. शिष्य घडवायचे एकानं आणि पारखायचे दुसऱ्यानं. आपल्याच शिष्याला आपणच उत्तीर्ण करायचा मोह होऊ नये, याची केवढी चोख व्यवस्था!

ही सार्वजनिक दीक्षा वांग छांगयुए यांनी 1656 मध्ये बाइयुन ग्वानमध्ये नव्यानं उभी केली. तिच्यात व्रतांच्या तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर दहा व्रतं, दुसरीवर तीनशे, आणि तिसरी ‘स्वर्गीय सिद्धां’ची. पहिली दहा वाचताना मी थबकलो. जिभेच्या चोचल्यांसाठी जीव मारायचा नाही, संपत्ती साठवून देताना हात आखडायचा नाही, हे तर कुठल्याही धर्मात सापडेल. पण दहावं व्रत उथळ बोलण्या-हसण्याबद्दल आहे. मोठी पापं सोडणाऱ्याचीसुद्धा शेवटची कसोटी त्याच्या बोलण्यातच लागते, हे ज्यानं हेरलं त्यानं माणसं बारकाईनं पाहिली असणार.

जुन्या काळी हा सगळा विधी शंभर दिवस चाले. शेवटी परीक्षा, तिच्यात कविताही रचायची. निकालाची यादी आकड्यांनी लावत नसत. चिनी मुलं अक्षरं शिकायला जो हजार अक्षरांचा पाठ घोकत, त्याच्या क्रमानं ती लागे. त्या पाठाचं पहिलं अक्षर ‘आकाश’, दुसरं ‘पृथ्वी’. पहिला आलेला आकाश, दुसरा पृथ्वी. मग वस्त्र, भिक्षापात्र आणि दीक्षेचा दाखला.

बाइयुन ग्वानमध्ये 1927 साली अशी दीक्षा झाली. त्यानंतर तिथली पुढची दीक्षा झाली ती थेट 1989 मध्ये. बासष्ट वर्षं. मध्ये युद्धं, क्रांती, आणि सांस्कृतिक क्रांतीची ती दहा वर्षं, जेव्हा देवळं बंद पडली, मूर्ती फुटल्या, संन्याशांना मठाबाहेर काढलं गेलं. अशा खंडानंतर विधी पुन्हा सुरू करायचा तर ग्रंथ पुरत नाहीत. कुणीतरी जिवंत माणूस लागतो, ज्याला कुणाच्या तरी हातून ते मिळालेलं आहे. 1989 च्या नोव्हेंबरात 75 जण दीक्षेला बसले, त्यांत 30 संन्यासिनी. शंभर दिवसांचे जेमतेम तीन आठवडे झाले होते, पण व्रतांच्या तिन्ही पायऱ्या होत्या. पुढची दीक्षा 1995 मध्ये सिचुआनच्या छिंगछंग डोंगरावर झाली. तिचे व्रतगुरू होते फू युआनथियान. ‘युआन’ हे लुंगमनच्या कवितेतलं एकोणिसावं अक्षर. म्हणजे एवढ्या पडझडीतही कविता सुरूच होती.

आता दुसरी परंपरा, जंगयी. इथला पुरोहित गावात राहतो, लग्न करतो, त्याला मुलंबाळं असतात. विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे जाते. पोर आधी झांज-ढोल वाजवायला शिकतं, मग मोठ्यांच्या मागे उभं राहून पावलं गिरवतं, मग पोथ्यांच्या हातानं नकला काढतं. पोथीत सगळं लिहिलेलं नसतंच. श्वास कुठे धरायचा, मनात कोणतं रूप आणायचं, हे तोंडीच मिळतं. क्रिस्तोफर शिपर हे डच अभ्यासक 1962 मध्ये तैवानला गेले आणि ताइनानमधल्या पुरोहितांकडे वर्षानुवर्षं शिकून 1968 मध्ये स्वतः दीक्षित झाले. बाहेरून टिपणं काढून हे कळत नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं.

या परंपरेचं मूळ इ.स. 142 मध्ये सांगतात, जेव्हा सिचुआनमधल्या एका डोंगरावर जांग दाओलिंग यांना लाओत्झेच्या दैवी रूपाचं दर्शन झालं. त्यांच्या पंथात प्रत्येक घराची नोंद असे आणि दीक्षा लहानपणीच सुरू होई. मुलाला आधी एकाच दैवी सेनापतीचं नाव असलेली यादी मिळे, मग दहांची, मग पंचाहत्तरांची, मग दीडशेंची. त्या यादीला ‘लू’ म्हणतात. जी नावं तुमच्या यादीत, त्यांनाच तुम्ही हाक मारू शकता. अधिकार म्हणजे इथे हाक मारण्याचा अधिकार, आणि तो पायरीपायरीनंच वाढतो.

राजघराण्यालाही यातून सूट नव्हती. 711 मध्ये थांग सम्राट रुइझुंगच्या दोन मुली, जिनश्यान आणि युजन, दीक्षेला बसल्या. जांग वानफू या पुरोहितानं ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे: तीन थरांची वेदी, आणि तारण म्हणून ठेवलेलं सोनं, रेशीम, नाणी. राजकन्या झाली तरी तारण ठेवायचं, शपथ घ्यायची आणि मगच यादी मिळायची. त्यांच्यासाठी मठ बांधताना दरबाऱ्यांनी खर्चावरून बरीच कुरकुर केली, तो भाग वेगळा.

जियांगशी प्रांतातल्या लुंगहू डोंगरावर, जांग दाओलिंग यांच्या घराण्याच्या जुन्या गादीजवळ, ही ‘लू’ देण्याची रीत 1990 च्या दशकात पुन्हा सुरू झाली. तिथे यादीबरोबर आणखी एक कागद असतो, करारपत्र. त्याचे दोन भाग करतात. एक भाग दीक्षेच्या वेळीच जाळून वर पाठवायचा. दुसरा भाग पुरोहितानं आयुष्यभर जपायचा, इतर कागदांबरोबर, घरात कोरड्या जागी. पुरोहित वारला की मुलगा किंवा शिष्य तो भाग काढतो आणि जाळतो, म्हणजे वर दोन्ही तुकडे जुळवून पाहता येतात की हा तोच माणूस.

नमस्कार.