धोनी बाद झाला तेव्हा सर्व्हरवर काय झालं

१० जुलै २०१९चा मँचेस्टरचा सामना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर न्यूझीलंड, जिंकायला २४० धावा. त्या सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक होते. मग गप्टिलची थेट फेक आली आणि धोनी धावबाद झाला.

आपल्याला वाटतं, सगळं अवघड काम व्हिडिओ पोचवण्याचं. ते सोपं नाहीच, पण त्याची वाट सापडलेली आहे. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतात. नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो. चित्र धूसर होतं, पण अडत नाही. शिवाय तो तुकडा सगळ्यांना सारखाच लागतो. एकाने मागवला की जवळच्या सीडीएन सर्व्हरवर, म्हणजे अशा प्रती ठेवण्यासाठीच ठिकठिकाणी असलेल्या सर्व्हरांपैकी एकावर, त्याची प्रत राहते आणि पुढच्या हजारोंना तिथूनच मिळते.

खरा घोर लागतो तो विकेट पडल्यावर. लोक हिरमुसतात आणि बॅकचं बटण दाबतात. त्याने ॲप बंद होत नाही, होमपेज उघडतं. म्हणजे व्हिडिओवरची गर्दी ओसरते आणि तीच्या तीच होमपेजवर कोसळते. आणि होमपेज तर प्रत्येकाचं निराळं: कुणाची अर्धवट राहिलेली मालिका, कुणाच्या आवडीचे सिनेमे. माझं पान तुम्हाला देऊन चालत नाही. नाट्यगृहाचं मध्यंतर आठवा. आत हजार जणांना एकच नाटक पुरतं, बाहेर वड्याच्या खिडकीवर मात्र प्रत्येकाची ऑर्डर वेगळी.

आणि वडे मध्यंतराआधीच तळून ठेवावे लागतात! नवा सर्व्हर सुरू होऊन त्यावरचं काम चालू व्हायला वेळ जातो, आणि इथे गर्दी मिनिटाला लाखांनी वाढते. म्हणून हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी आपोआप सर्व्हर वाढवणाऱ्या नेहमीच्या सोयीवर भिस्त ठेवली नाही. प्रेक्षकांचा आकडा पाहत ते सर्व्हर आधीच वाढवत गेले, वर थोडे राखीव ठेवून.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची आणखी एक तयारी. तेही पुरलं नाही तर काय सोडायचं, हे त्यांनी सामन्याआधीच ठरवलेलं असतं. शिफारशी बंद, प्रत्येकासाठी वेगळं सजवलेलं पान बंद. सामना मात्र चालू राहिला पाहिजे. हा निर्णय ऐन धांदलीत घेता येत नाही. शिफारशी मिळाल्या नाहीत तरी पान उघडलं पाहिजे, अशीच प्रत्येक सेवा मुळात लिहावी लागते.

यात तुमच्या मोबाइलमधल्या ॲपचाही वाटा आहे. उत्तर आलं नाही म्हणून लाखो फोनांनी त्याच क्षणी पुन्हा विचारलं, तर धापा टाकणारा सर्व्हर पुरता बसतो. म्हणून चांगलं लिहिलेलं ॲप थोडं थांबतं, दुसऱ्या खेपेला आणखी थांबतं, आणि किती थांबायचं हे प्रत्येक फोन आपापलं ठरवतो.