आजी, वार आणि नातवाचा डोळा

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की डोळ्यांच्या ओपीडीत शाळकरी मुलांची रांग लागते. मुलगेच जास्त. डोळे लाल, उजेड सोसत नाही, चिपडं ओढली तर तार निघते, आणि खाज अशी की पोरगं दोन्ही मुठींनी डोळे चोळत बसतं. ही ॲलर्जी. कोरड्या, धुळीच्या, उन्हाच्या मुलखात जास्त. बहुतेकांना थंड पाण्याच्या घड्या आणि ड्रॉप पुरतात, आणि मूल वयात आलं की त्रास बहुधा ओसरतो. (माझं विचाराल तर शाळेच्या गणवेशात टोपी परत आणावी. टाय काढा, टोपी आणा. आपल्या उन्हात टायचा उपयोग काय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

पण काही मुलांचं थेंबांवर भागत नाही. असाच एक अकरा वर्षांचा मुलगा बीडकडून आला होता, आजीबरोबर. वरची पापणी उलटली, तर आत नदीतल्या गोट्यांसारख्या गाठी, एकेक मिलिमीटरहून मोठी. बुबुळाच्या वरच्या भागात लांबट गोल जखम, आणि तिच्यावर पांढरा थर घट्ट बसलेला. ॲलर्जीत ज्या पेशी डोळ्यात जमतात, त्यांच्यातली प्रथिनं बुबुळाला विषारी असतात. त्यांचाच हा थर. तो आहे तोवर खाली नवी त्वचा धरत नाही, मग कितीही थेंब घाला. तो खरवडूनच काढावा लागतो.

मी आजींना सांगितलं, "भूल देऊन थर काढू, पापणीतल्या मोठ्या गाठी काढू, आणि जखमेवर एक पातळ पडदा लावू. बाळंतपणात वार पडते ना, तिच्यावरचा."

आजी उठून उभ्याच राहिल्या. "वार पुरायची असती बाई. डोळ्यात घालायची नसती."

आजी सुईण होत्या. चाळीसेक वर्षं गावातली बाळंतपणं त्यांनी केली, आणि प्रत्येक वार स्वतःच्या हातांनी पुरली. आता त्यांना मी काय सांगणार? तरी सांगितलं, की सिझेरियनच्या वेळी आईची परवानगी घेऊन वार घेतात, एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग अशा तपासण्या करतात, आणि पडदा वेगळा काढून साठवतात. १९४० साली डी रॉथ नावाच्या डॉक्टरांनी डोळ्यावर तो वापरून पाहिला होता. नंतर तो मागे पडला, आणि १९९५ मध्ये किम आणि सेंग यांच्या सशांवरच्या प्रयोगांनंतर पुन्हा आला. आजींना सशांचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "कंचा पदर घेता? दोन असत्यात. आतला बाळाकडचा घ्या, त्यो गुळगुळीत असतो. आन् सोलल्यावर त्याची एक बाजू चिकटती, एक न्हाई."

माझे शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. कारण ऑपरेशन थिएटरात आम्ही नेमकं हेच करतो. कोरडा स्पंज टेकवून बघतो, कुठली बाजू चिकटते, आणि ती खाली ठेवतो. पुस्तकातलं ते पान आजींनी न वाचता म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, "लावा. पोरगी झाली होती का पोरगा, एवढं सांगा." ते मात्र आम्हाला कळवत नाहीत, म्हणून सांगता आलं नाही.

ऑपरेशन झालं. पडद्याखाली दोनेक आठवड्यांत जखम भरली, पडदा हळूहळू विरघळून गेला.

पण श्रोतेहो, नीट ऐका. शस्त्रक्रियेनं जखम गेली, ॲलर्जी नाही गेली. पुन्हा सांगते, ॲलर्जी नाही गेली. औषधं सोडली तर गाठी परत येतात. आणि औषध म्हणजे मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब नव्हेत. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून लोक महिनोन्महिने घालतात. त्यानं मोतीबिंदू होतो, तो काढता येतो. काचबिंदू होतो, त्यात गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड आम्हीही देतो, पण मोजून, डोळ्याचा दाब तपासत.

आणि चोळणं बंद. खूप चोळल्यानं बुबुळ पातळ होऊन पुढे सुळक्यासारखं येऊ शकतं, त्याचं वेगळंच ऑपरेशन. म्हणून चोळू नका, चोळू देऊ नका.

त्या मुलाला सायक्लोस्पोरिनचे थेंब अजून चालू आहेत, उन्हाळ्यात टॅक्रोलिमसचं मलमही लागतं. ही दोन्ही ॲलर्जी दाबून ठेवणारी औषधं, स्टेरॉइड नव्हेत. फेरतपासणीला आजीच आणतात, आणि दर वेळी शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा घेतात. मागच्या बॅचचे दोघं नापास झाले.

नमस्कार.